देओलिंदाचे कान

देओलिंदाचा सगळा जन्म बसथांब्यावर चिपा विकण्यात गेला. टोपलीत चिपा, म्हणजे चीजचे गरम पाव, आणि कान रस्त्याकडे. वळणापलीकडची बस कुठल्या गावची, हे ती आवाजावरून सांगायची.

आता तिचे कान नवऱ्याकडे असत. अर्धांगाच्या झटक्यानंतर एलादियोचं गिळणं बिघडलं, घास-पाणी फुप्फुसात उतरलं आणि न्यूमोनिया होऊन त्याला यमाच्या दारातून परत आणावं लागलं. घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, "सगळं दाटसर द्या, ताठ बसवून. आवाज ओला आला, धाप लागली, भलतीच गुंगी आली, तर लगेच इकडे निघा. म्हाताऱ्यांना ताप येईलच असं नाही."

पातळ बंद म्हणजे तेरेरे, दोस्तांत एकाच पेल्यातून फिरणारं पाल्याचं थंड पाणी, तेही बंद! एलादियोचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं झालं.

एका दुपारी ती परतली तर आंब्याखाली फर्मिन, त्याचा जिवाभावाचा दोस्त, शिंगाचा पेला भरून बसलेला.

"आलीस का गं?" एलादियोने विचारलं. घशात पाणी खळखळत होतं.

"काय पाजलंत?"

"दोनच घोट, वहिनी. पाल्याचं थंडगार पाणी, औषधच ते!"

"आणि तुम्हाला नको म्हणता येईना?" ती नवऱ्याकडे वळली.

"सगळ्यांच्या आधी 'आभार' म्हणून उठू? मी काय मेलोय?" एलादियो खोकत म्हणाला. 'आभार' म्हटलं की पेला पुन्हा आपल्याकडे येत नाही, आणि तो शब्द त्याने उभ्या जन्मात कधी दुसऱ्यांच्या आधी उच्चारला नव्हता.

खोकला थांबला आणि त्याचा डोळा लागला. सगळं गाव दुपारचं निजलेलं.

"अंग गार आहे, वहिनी. दुपारची झोप मोडू नये."

पण एलादियो घोरत नव्हता. श्वास भराभर चालला होता. तिने गदागदा हलवलं, तर तो पुटपुटला, "आई कुठंय?" आई जाऊन जमाना झालेला.

"झोप गेली खड्ड्यात! फर्मिनभाऊ, ट्रक काढा!"

दवाखान्यात लगेच प्राणवायू आणि सुया सुरू झाल्या. "वेळेवर आणलंत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. बाहेर फर्मिन भिंतीला टेकून रडत होता. देओलिंदा त्याच्यावर ओरडणार होती, पण तिला ते जमलं नाही.

एलादियो घरी आला. पुन्हा आंब्याखाली बैठक जमली. फर्मिनने सवयीने पेला पुढे केला आणि चटका बसल्यासारखा हात मागे घेतला. टोपली डोक्यावर घेऊन निघालेली देओलिंदा फाटकाशीच थांबली.

"आभार," एलादियो म्हणाला. आवाज कोरडा, खणखणीत.

तिचे डोळे भरून आले. वळणावर बस वाजली आणि निघूनही गेली. कुठल्या गावची होती, ते मात्र तिला कळलं नाही.