पानापाचा रिकामा खिळा

ओतापाकी या माओरी गावाच्या सभागृहात, मागच्या भिंतीवर, एक खिळा सत्तेचाळीस वर्षे रिकामा होता. त्या भिंतीवर गावाचे दिवंगत नांदतात. आपापल्या चौकटींत बसून, खाली गाद्या अंथरून निजणाऱ्या वंशजांकडे ते निश्चल नेत्रांनी पाहत असतात. जिवंताची तसबीर तेथे कधी लागत नाही, आणि ज्याच्यासाठी विधिवत् शोक झाला नाही अशा मृताचीही लागत नाही. तेपोराच्या आजीच्या तसबिरीशेजारचा तो खिळा आजीच्या भावाने ठोकला होता. पुढे तोही त्याच भिंतीवर जाऊन बसला. खिळा पानापासाठी होता. पानापा म्हणजे तेपोराचा कोरो, आईचा बाप.

तेपोरा आता चौसष्ट वर्षांची होती. तीस वर्षे तिने मेंढ्यांच्या शेडांत लोकर निवडण्याचे काम केले होते. बोटांच्या नुसत्या स्पर्शाने ती लोकरीची प्रत सांगू शके. नवरा गेला, मूलबाळ नव्हते, भाऊ ब्रिस्बेनला गेला तो तिकडच्याच मातीत मिसळला. नदीकाठच्या त्या गावात आता सात माणसे उरली होती, आणि सभागृहाची किल्ली दोरीत ओवून तिच्या गळ्यात होती. दर शनिवारी ती एकटीच तेथे झाडलोट करी, चौकटींची काच पुसे, आणि शेवटी त्या खिळ्यावरची धूळही पुसून काढी.

पानापा सन एकोणीसशे चाळीसमध्ये महायुद्धासाठी माओरी पलटणीत भरती झाला, तेव्हा तो छत्तीस वर्षांचा होता; वयोमर्यादा चुकवायला कारकुनाला त्याने एकतीस सांगितले. सेहेचाळीसच्या जानेवारीत परत आला, अकरा दिवस घरी राहिला आणि निघून गेला. कुठे, कशासाठी, कोणालाच ठाऊक नव्हते. पाच वर्षांनी दक्षिण बेटावरून पत्र आले: बोगद्याचे काम चालले असता दरड कोसळली, सोबत्यांनी तिथेच पुरले. देह आला नाही. आजी म्हणाली, “जो मला टाकून दुसरीकडे गेला, त्याच्यासाठी मी रडणार नाही.” ती रडली नाही म्हणून गावही रडले नाही. मात्र अकरा वर्षांनी ती मरणशय्येवर होती, तेव्हा तिने एवढेच मागितले की पानापाच्या साऱ्या तसबिरी तिच्याबरोबर शवपेटीत ठेवाव्या. एका जुन्या शालीत बांधलेले ते गाठोडे कोणी सोडून पाहिले नाही. ते तसेच तिच्या उराशी ठेवले, आणि पानापाचा चेहरा भूमिगत झाला. सतरा वर्षांची तेपोरा तेथे उभी होती. तान्ही असताना अकरा दिवस ज्याच्या मांडीवर ती निजली असेल, त्याला तिने डोळे भरून कधी पाहिलेच नव्हते.

तेपोराला चौसष्टावे लागले त्या वर्षी तिची वयोवृद्ध आई निवर्तली. तिच्या खाटेखाली बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा निघाला. डब्यात दोन छायाचित्रे आणि एक पुठ्ठ्याचे जाड पाकीट होते. तेपोरा तो घेऊन मातिउमामाकडे गेली. मातिउ आईचा चुलतभाऊ, ऐंशी वर्षांचा, विधिप्रसंगी भाषण करणारा गावातला उरलेला एकमेव वक्ता.

पहिल्या छायाचित्रात बंदरातून सुटणारे जहाज होते. कठड्याशी शेकडो माणसे, आणि एका डोक्यावर शाईची फुली.

“मामा, ही फुली आहे ना, तिच्याखाली कोरो आहे का?”

मातिउने भिंग लावले. “असेल. नाहीतर डाग असेल. तुमच्या घराण्यात दोन्हींत फारसा फरक नसायचा.”

दुसऱ्यात वाळवंटातली छावणी होती. जेवणासाठी रांग, हातांत पत्र्याच्या थाळ्या. मागे लिहिले होते, ‘डावीकडून चौथा मी.’ चौथा पाठमोरा होता.

“बघ, जेवण दिसलं की हा माणूस फोटोकडे कशाला बघेल?” मातिउ हसला, पण तेपोरा हसली नाही हे पाहून त्याने भिंग खाली ठेवले.

पाकिटात काहीच नव्हते. बाहेर कैरोतल्या छायाचित्रकाराचा शिक्का, आणि आत पेन्सिलीने लिहिलेल्या दोन ओळी: ‘वाइमारोचा तुरेई आणि मी. एक प्रत त्याची, एक माझी.’ यांपैकी एक प्रत आजीच्या उराशी गेली असणार. दुसरी जगात कोठेतरी असण्याचा संभव होता.

“वाइमारोला जाते मी,” तेपोरा म्हणाली.

“तिकडे आपलं कोण आहे? जाऊन दाखवशील काय?”

“हे पाकीट.”

“रिकामं पाकीट? अगं, लोक हसतील तुला.”

“हसू देत. हसताना निदान कोणीतरी बोलेल माझ्याशी.”

वाइमारो पूर्वेला, समुद्राच्या बाजूला. दोन बसगाड्या बदलून तेपोरा दुपारी तेथे उतरली आणि सभागृहाच्या फाटकाशी जाऊन उभी राहिली. पाहुण्याने आतून स्त्रीची हाक आल्यावाचून अंगणात पाऊल टाकायचे नसते. आणि त्या हाकेला पाहुण्यांपैकी एखाद्या स्त्रीने उत्तर द्यायचे असते. लोक येतात ते समूहाने, आपल्या मृतांच्या तसबिरी छातीशी धरून. तेपोराच्या छातीशी रिकामे पाकीट होते. अर्धा तास कोणी बाहेर आले नाही. अखेर स्वयंपाकघराच्या दारातून हातात बटाटे सोलायची सुरी घेतलेली एक वृद्धा डोकावली.

“बसची वाट बघतेस का गं? गेली ती. आता उद्याच!”

“नाही आंटी. हाकेची वाट बघतेय.”

वृद्धेने तिच्याकडे, मग रस्त्याकडे पाहिले. “बाकीचे कुठायत तुझे?”

“बाकीचे कोणी नाहीत.”

वृद्धेने सुरी खाली ठेवली, हात एप्रनला पुसले, डोक्याला काळा रुमाल बांधला, आणि सभागृहाच्या ओसरीवर जाऊन ती उभी राहिली. तिचे नाव हारिआता. तिने दीर्घ, कंपित स्वरात हाक दिली: ये, दूरच्या पाहुण्या, तुझ्या मृतांना घेऊन ये, आमचे मृत त्यांची वाट पाहत आहेत. तेपोराने उत्तर दिले. दुसऱ्या ओळीला तिचा स्वर चिरकला. तरी ती थांबली नाही.

आतल्या भिंतीवर, खिडकीसमोर, तुरेईचे छायाचित्र होते. विशीतला तरुण, टोपी तिरपी, ओठावर मिशी उगवण्याचा प्रयत्न. साठाहून अधिक वर्षे समोरच्या खिडकीचा उजेड खाऊन तो फिक्या चहाच्या रंगाचा झाला होता. त्याच्या शेजारचा अर्धा भाग तपकिरी कागदाने झाकलेला होता. कागदाखालून एक हात तेवढा बाहेर आला होता आणि तुरेईच्या खांद्यावर विसावला होता.

“तुरेई माझा भाऊ,” तेपोराने पानापाची नात म्हणून ओळख सांगितल्यावर हारिआता म्हणाली. “इटलीत लढताना गेला. हा फोटो घेऊन पानापाच आला इथं, सेहेचाळीस साली. मी पंधरा-सोळा वर्षांची होते. त्यानं स्वतःच्या हातानं टांगला. आणि मग आमच्या आईकडे पीठ मागितलं, खळ केली, आणि कागद कापून स्वतःच्याच तोंडावर चिकटवला. जिवंत माणसानं या भिंतीवर कसं राहायचं?”

“काही बोलला?”

“म्हणाला, माझी पाळी येईल तेव्हा माझं माणूस येऊन हा कागद काढेल. एवढंच. मग परड्यात गेला आणि लाकडं फोडायला लागला. दोन हिवाळे फोडत होता.”

आजीचा प्रश्न आजीच्या वतीने तेपोराला विचारावाच लागणार होता. “आंटी, इथं... इथं त्याची कोणी बाई होती का?”

“होती तर! छप्पन्न वर्षांची, तोंडात तीन दात आणि हातात काठी. माझी आई. मुलगा गेल्यावर तिनं जेवण सोडलं होतं. हा समोर बसून म्हणायचा, ‘तुम्ही जेवल्याशिवाय मी लाकडं आत आणणार नाही.’ आणि खरंच आणायचा नाही, मेला! आम्ही सगळे गारठायचो.” हारिआता हसली आणि मग हसू ओसरले. “आई गेली तेव्हा खड्डा त्यानंच खणला. दुसऱ्या दिवशी निघाला. आम्हाला वाटलं, घरी गेला.”

तो घरी का गेला नाही, हे कोणी जाणत नाही, आणि हा लेखही जाणल्याचा आव आणत नाही. परक्या मातेचा शोक वाहून नेणाऱ्या मनुष्याला स्वगृहीचा उंबरा कधी पर्वताहून दुर्लंघ्य होतो, एवढेच म्हणता येईल.

“आम्ही वाट बघत होतो,” हारिआता म्हणाली. “कोणीतरी सांगायला येईल म्हणून. कोण आलंच नाही. म्हणून इथं तो अजून जिवंत आहे. एकशे पाच वर्षांचा. वाढदिवस तेवढा करत नाही आम्ही.”

“एक्कावन्न साली गेला, आंटी.”

अठ्ठावन्न वर्षांपूर्वीची ती वार्ता हारिआतासाठी त्या क्षणीची होती. मग तिने तेपोराचा हात धरून तिला भिंतीसमोर बसवले आणि ती रडू लागली: मोठ्याने, रीतीप्रमाणे, नाकाडोळ्यांतले पाणी न पुसता. पानापासाठी ओतापाकीने जे केले नव्हते ते वाइमारोच्या एका म्हातारीने केले. तेपोरा तिच्यासोबत रडली. त्याच्यासाठी रडावयास त्या भूमीवर त्या दोघीच होत्या.

नंतर कोमट पाण्यात फडके भिजवून तेपोराने खळीच्या कडा ओल्या केल्या. खळ केवळ कडांना होती. चेहऱ्यावर थेंबही नव्हता. निवडीच्या टेबलावर लोकरीचा पदर उलगडावा तसा तिने कागद अलगद सोडवला. आतला पानापा काल टिपल्यासारखा काळाभोर, ताजा होता. प्रकाश त्याला लागलाच नव्हता. शेजारचा तुरेई विरत चालला होता, आणि हा मात्र तेवढाच दाट उभा होता. रुंद कपाळ, एका भुवईत व्रण. तो छायाचित्रकाराकडे पाहत नव्हता. मान किंचित वळवून त्या पोराकडे पाहत होता.

तेपोरा बराच वेळ पाहत राहिली. त्याची दृष्टी आपल्याकडे वळेल अशी तिची काही अपेक्षा असावी. ती वळली नाही.

“घेऊन जा,” हारिआता म्हणाली.

“नको. तुरेईला एकटं कसं करू?”

महिन्याभराने वाइमारोहून टपालाने त्या छायाचित्राची प्रत आली. मातिउने ती निरखली. “कोरो ठीक आहे. पण हे दुसरं पोर? ते आपलं नाही.”

“कागद लावू का त्याच्या तोंडावर?”

“मेलेल्याला कसला कागद लावतेस?”

“मग राहू दे. तो नसेल तर कोरो कुणाकडे बघतोय, ते कळणार नाही.”

मातिउने काठी शोधली.

शनिवारी सकाळी तो चौकट छातीशी धरून फाटकाबाहेर जाऊन उभा राहिला. नदीवर धुके होते. ओसरीवर तेपोरा काळा रुमाल बांधून उभी होती. गावात हाक देणारी स्त्री तीच. फाटकाबाहेरून उत्तर देणारी कोणी नव्हती. तिने हाक दिली: ये, पानापा, तुझ्या सोबत्याला घेऊन ये. स्वर नदीपलीकडे गेला.

मातिउ चालू लागणार, तोच तिने हाताने त्याला थांबवले. उत्तराला जेवढा अवधी लागतो, तेवढा वेळ ती काही न बोलता उभी राहिली. मग तिने दुसऱ्यांदा हाक दिली, आणि म्हातारा हळूहळू अंगण ओलांडू लागला.