अनुसयाबाईचं दहावं शेरडू

जवळा बाजारकडं जाणाऱ्या रस्त्याला लागून सात ख्रिस्ती घरं आहेत. त्यांतलं तिसरं अनुसयाबाईचं. चौथं तिच्या थोरल्या जावेचं, म्हणजे चांगुणाबाईचं, आणि चौथ्या घरात फ्रिज होता. एवढं कळलं की अनुसयाबाईचं निम्मं दुखणं कळलं.

फ्रिज मरून रंगाचा, दारावर पांढरी फुलं. चांगुणाबाईनं त्याला झालरीचं कव्हर शिवलं होतं, लग्नातल्या नवरीसारखं. उन्हाळ्यात अनुसयाबाई पातेलं घेऊन बर्फ मागायला गेली की चांगुणाबाई आधी फ्रिजकडं बघायची, मग पातेल्याकडं, मग वर पत्र्याकडं.

"दोन खडे घे. ज्यादा नगं. घसा बसतो गं तुझा."

आणि फ्रिजचं दार अर्धंच उघडायची, जसं काही आत कुणी बाई अंघोळ करून राहिली.

अनुसयाबाई घरी येऊन डोळे मिटायची आणि मोठ्यानं प्रार्थना करायची, म्हणजे भिंतीपलीकडं बराबर जावं. "हे स्वर्गीय बापा, मला लोभ न्हाई. तुला सगळं ठावं हाय. एका दाराचा असला तरी चालंल. पर रंग मरूनच दे."

बापानं उत्तर म्हणून राजा दिला होता, असं तिचं पक्कं मत. राजा म्हणजे तिचा बोकड. काळाभोर, कपाळावर पांढरा टिळा, चाल तालुक्याच्या पुढाऱ्यासारखी. सकाळी मक्याचा भरडा, वरून गुळाचा खडा. वसमतच्या व्यापाऱ्यानं बकरीदसाठी त्याला बावीस हजार बोलून ठेवले होते, आणि अनुसयाबाईला राजा दिसला की त्याच्या शिंगांच्या मधोमध फ्रिज दिसायचा.

कळपाच्या दुसऱ्या टोकाला लंगडी. आई मेलेलं हे पिल्लू अनुसयाबाईनं बाटलीनं दूध पाजून, स्वतःच्या गोधडीत घेऊन जगवलं. आता ती चांगली दुभती शेळी झाली, पण निजायला अजून अनुसयाबाईच्या पायापाशीच. बाजारात तिला कोणी फुकटही विचारत नव्हतं.

तर यंदा नवे पाळकसाहेब आले. प्रमोद त्यांचं नाव, नगरकडचे, अंगानं काडी, पण आवाज असा की प्रार्थनाघराच्या पत्र्यावरची कबुतरं उडायची. पहिल्याच रविवारी त्यांनी दशमांशावर, म्हणजे मिळकतीचा दहावा वाटा देवाला देण्यावर, उपदेश केला.

"प्रिय जनहोऽ! प्राचीन काळी मेंढपाळ काठी धरून उभा राहत असे. कळप त्या काठीखालून एकेक करून जात असे. आणि जे दहावेऽ, ते प्रभूचे! ते चांगले की वाईट, हे पाहायचे नाही! बदलायचे नाही! बदलाल, तर दोन्ही प्रभूची!"

सातही घरांच्या माना अनुसयाबाईकडं वळल्या, कारण शेरडं तेवढी तिच्याचकडं. अनुसयाबाईनं मनात मोजलं. नऊ. मग तिनं सगळ्यांत मोठ्यानं "आमेन" म्हटलं.

चौथ्या दिवशी एक शेळी व्याली. एकच पिल्लू झालं, पण तेवढं पुरे होतं. चांगुणाबाई रस्त्यावर उभी राहून बसच्या कंडक्टरसारखी ओरडली, "धा झाली वोऽ, अनुसेची धा झाली!" संध्याकाळपर्यंत पाळकसाहेबांच्या कानावर गेलं, आणि शनिवारी, सुगीच्या सणाच्या आदल्या दिवशी, मोजणी ठरली.

अनुसयाबाई घाबरली नाही. सुगीच्या सणाला जो तो आपल्या शेतातलं, परसातलं काहीतरी देवाला आणून देतो, आणि भक्ती झाली की त्या सगळ्याचा तिथंच लिलाव होतो. मागल्या वर्षी अनुसयाबाईनं दिलेला भोपळा तिनंच वीस रुपयांत परत घेतला होता आणि सोमवारी त्याची भाजी खाल्ली होती. तोच हिशेब तिनं यंदा लावला. राजा गोठ्यातून कायम पहिला निघतो, लंगडी कायम शेवटची. म्हणजे दहावी लंगडी. लंगडीवर बोली कोण लावतंय? आपणच दोनशे म्हणायचं आणि दिवस मावळायच्या आत तिला घरी आणायचं. देवाला दशमांश, आपल्याला शेळी, राजाला व्यापारी. कुणालाच तकलीफ नाही.

या आनंदात शनिवारी सकाळी तिनं राजाला गोठ्यातच दुप्पट भरडा घातला.

पाळकसाहेब काठी घेऊन दाराशी उभे राहिले. त्यांना शेरडांची भीती वाटत होती, त्यामुळं काठी त्यांनी छत्रीसारखी आडवी धरली होती. गर्दी जमली. दार उघडलं, आणि राजा ऐटीत बाहेर आला.

"एक!" पाळकसाहेब म्हणाले.

अनुसयाबाईनं सुटकेचा श्वास सोडला. दोन, तीन, चार. सगळ्यांचं लक्ष दाराकडं. इकडं राजाला टोपल्यात उरलेला भरडा आठवला. तो गोठ्याला वळसा घालून गेला आणि मागच्या कुडाला पडलेल्या भगदाडातून आत शिरला. सात, आठ, नऊ. दारात लंगडीचं नाक दिसलं. अनुसयाबाईनं डोळे मिटून "आमेन" म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात मागून एक धडक बसली, लंगडी बाजूला कोलमडली आणि दाढीला भरडा लागलेला राजा बाहेर आला.

"दहा!" पाळकसाहेबांनी त्याच्या पाठीला काठी लावली. आपण शेरडाला शिवलो याचाच त्यांना इतका अभिमान वाटला, की मागून लंगडी अकरावी आली हे त्यांना दिसलंच नाही.

"तो पयलाच झाला वो!" अनुसयाबाई किंचाळली. "एकदा मोजलेलं माणूस परत मोजतेत काय?"

"काठीखालून धावा कोण निघाला?" चांगुणाबाई कमरेवर हात ठेवून म्हणाली. "राजा. देवानं वापस बोलावून दावला."

"देवानं न्हाई, भरड्यानं बोलावलं त्याला!"

"भरडा कुणी घातला?"

पाळकसाहेबांनी अनुसयाबाईचं तोंड बघितलं आणि काठी खाली घेतली. आवाज एकदम साधा झाला. "मावशी, मी ते उदाहरण म्हणून सांगितलं हो. ती जुनी रीत. आपल्यावर जबरदस्ती नाही. ज्यानं त्यानं मनात ठरवावं तसं द्यावं. कुरकुरत नको, आनंदानं."

"म्हंजे राजा न्हाई दिला तरी चालतं?"

"चालतं."

"कायबी दिलं तरी?"

"मनापासून असेल तर."

अनुसयाबाईचं तोंड आणखीच उतरलं. काठीशी भांडता येत होतं. आता स्वतःच्या मनाला विचारायचं, आणि मन तर मरून रंगाचं झालेलं.

दुपारभर ती राजापाशी बसून राहिली. "बापा," ती म्हणाली, "पुढल्या वर्षीचा बोकड देते. मोठा देते." तेवढ्यात सहाव्या घरातली जनकाबाई पेला घेऊन आली. पावसाळ्यात कोवळी ज्वारी खाऊन तिची एकुलती एक शेळी फुगून मेली, तेव्हापासून ती रोज चहापुरतं दूध मागायला यायची. अनुसयाबाई द्यायची, पण आधी पेल्याकडं बघायची, मग शेळीकडं, आणि म्हणायची, "अर्धाच घे. पोरांला लई दूध बाधतं."

आज तिचा चेहरा बघून जनकाबाई काही न मागताच मागं वळली. रिकामा पेला पदराखाली घेऊन.

अनुसयाबाईला आपले आणि जावेचे शब्द एकदम आठवले. अर्धाच घे, घसा बसतो. ती हुबेहूब चांगुणाबाईसारखं बोलत होती, नुसती झालर कमी होती.

ती उठली. राजाचं दावं सोडलं, पदर खोचला आणि विचार बदलायच्या आत तरातरा सहावं घर गाठलं. राजाला तुराट्यांच्या, म्हणजे तुरीच्या वाळल्या काड्यांच्या, दाराला बांधलं.

"जनके, घे. देवाचं दहावं हाय. राजा तुझा."

जनकाबाईनं राजाकडं वरपासून खालपर्यंत बघितलं. "मावशी, ह्याचं काय करू? दूध देतो काय ह्यो?"

"ईक ना! बकरीदला बावीस हजार येतेत."

"आन तवर भरडा कुठून घालू? गूळ कुठून? माझे लेकरंच गूळ मागून राहिलेत, त्यायला भेटंना." मग जरा दबकत ती म्हणाली, "द्यायचंच असंल तर लंगडी द्या."

राजासाठी अनुसयाबाईनं मनाची तयारी केली होती, लंगडीसाठी काहीच केली नव्हती. मग ती घाईघाईनं लंगडीची खोट सांगू लागली, जसं काही पोरीची सोयरीक मोडायची होती. "लाथ मारती. दूध चोरती. आन पायापाशी घेतल्याबिगर निजत न्हाई!"

"मंग निजंल लेकरांपाशी."

"उद्या सणाला देते."

"उद्या लिलावात बोली लावून वापस न्ह्याल, तुमचा भोपळा ठावं हाय मला."

अनुसयाबाई घरी गेली. आली तेव्हा लंगडी मागं मागं आपल्या पायांनी चालत येत होती, आणि खांद्यावर गोधडी होती. दावं जनकाबाईच्या हातात देताना तिनं दूध काढायची वेळ सांगितली, कान खाजवायची जागा सांगितली, परत दूध काढायची वेळ सांगितली.

"मावशी," जनकाबाई एकदम ओरडली, "सगळं कळलं, पर पयले तुमचा राजा सोडा! दार खाऊन राहिला माझं!"

खरंच, तुराट्यांचं अर्धं दार राजाच्या पोटात गेलं होतं. अनुसयाबाईनं त्याला शिव्या देत, ओढत घरी आणलं. चौथ्या घराच्या ओट्यावर चांगुणाबाई उभीच होती.

"काय गं अनुसे, वापस केला तिनं?"

"व्हय अक्का. पसंत न्हाई पडला."

"मंग रडून काहून राहिली? आता तर फ्रिज येतो तुझा!"

अनुसयाबाईनं नाक पुसलं. "काय की गं. लंगडी गेली म्हणून रडून राहिले." आणि तिला राजाच्या तोंडातून लोंबणारी जनकाबाईच्या दाराची काडी दिसली. ती रडता रडता अशी हसायला लागली, की चांगुणाबाई घाबरून ओट्यावरून खाली उतरली आणि म्हणाली, "अगं, पाणी आणू का? गार आणू?"