कॉर्कला दहावा माणूस हवा होता

आयर्लंडमधल्या ज्यूंच्या ग्रुपवर मेसेज आला तेव्हा मी डब्लिनमध्ये ग्रँड कॅनाल डॉकला पाण्याकडे तोंड करून सँडविच खात होतो. "माझ्या वडिलांना रविवारी कद्दीश म्हणायची आहे. कॉर्कमध्ये नऊ जण जमलेत. दहावा कुणी येईल का? – रूथ." मी विचारबिचार न करता टाइप केलं, "येतोय!" मग बघितलं, तर कॉर्क ट्रेनने अडीच तास लांब!

थांबा, आधी हे सांगतो. मी अलिबागजवळच्या नवगावचा, बेने इस्राएल. म्हणजे आपल्या कोकणातला ज्यू. आमच्याकडे सांगतात की फार फार पूर्वी नवगावच्या किनाऱ्याजवळ जहाज फुटलं. सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, पोथ्या सगळ्या समुद्रात गेल्या. वाचलेल्यांनी तेलाचे घाणे टाकले आणि शनिवारी ते बंद ठेवायला लागले, म्हणून नाव पडलं शनिवार तेली. पुस्तक नाही, गुरू नाही, पण शनिवार पाळला, खाण्यापिण्याचे नियम पाळले आणि 'शेमा' नावाची एक प्रार्थना तोंडपाठ ठेवली. देव एकच आहे, असं सांगणारी.

आणि कद्दीश ही गेलेल्या माणसासाठी त्याच्या तिथीला म्हणायची. गंमत म्हणजे तिच्यात मरणाचा उल्लेखच नाही, नुसती देवाची स्तुती! पण ती एकट्याने म्हणता येत नाही. तेरा वर्षांवरचे दहा ज्यू पुरुष लागतात, त्याला मिन्यान म्हणतात. रूथचे वडील हॅरी, वय चौऱ्याऐंशी. कॉर्कमधले बरेच ज्यू म्हातारे होऊन वारले, बाकीचे डब्लिन-लंडनला गेले, सिनेगॉगला (म्हणजे आमच्या प्रार्थनास्थळाला) कुलूप लागलं. हॅरीच्या वडिलांची तिथी सलग तीन वर्षं कद्दीशशिवाय गेली होती. यंदा ती रविवारी होती. आणि आमचा दिवस सूर्यास्ताला संपतो. नोव्हेंबरात आयर्लंडमध्ये सूर्यास्त म्हणजे साडेचार!

रविवारी सकाळी मी मलिदा केला. पोहे भिजवायचे, त्यात ओलं खोबरं, साखर, वेलची, वरून फळांच्या फोडी. आमच्याकडे नवस फेडताना, शुभकार्यात हा लागतोच. डबा कोरा करकरीत घेतला, कारण कोशर (म्हणजे धर्माला चालणारं) पाळणाऱ्या घरी आमच्या फ्लॅटमधलं चिकनचं भांडं कसं चालेल? रूममेट अनिकेत, नागपूरचा, म्हणाला, "मी पण येतो बे. क्रॅक (म्हणजे धमाल) होईल."

ट्रेन मस्त निघाली. हिरवी कुरणं, दगडी कुंपणं, मेंढ्या, परत मेंढ्या. आणि कॉर्कच्या आधीचं स्टेशन मॅलो, त्याच्या अलीकडे गाडी थांबली ती थांबलीच. डब्यातला कर्मचारी म्हणाला, "रुळावर गायी आल्यात. युअर मॅन (म्हणजे आपला तो कुणीतरी बाबा) हाकलायला गेलाय. इट्ल बी ग्रँड." ग्रँड म्हणजे इथे ठीक, मस्त, चालेल, सगळंच. फक्त लवकर असा त्याचा अर्थ अजिबात नाही! सव्वा तास गेला. रूथचे मेसेज लहान लहान होत गेले. शेवटचा होता नुसता "?"

कॉर्कला उतरलो तेव्हा चार वाजत आलेले. टॅक्सी नाही. पळालो! स्टेशनच्या मागे जो चढ आहे ना, तो रस्ता नाहीच, भिंत आहे. अनिकेत रोज जिमला जातो, तो पुढे. मी डबा आडवा होऊ न देता मागे.

दारात रूथ उभी होती, पन्नाशीची, पिठाचे हात. "आत, आत, आत!" हॉलमध्ये नऊ जण टोप्या घालून उभे. खिडकीबाहेर सूर्य समोरच्या धुराड्याला टेकलेला.

आता मोजणी. पण आमच्यात माणसं आकड्यांनी मोजत नाहीत. दहा शब्दांचं एक वचन आहे, एकेका माणसाकडे बोट करत एकेक शब्द म्हणायचा. डेव्हिड नावाचे उंच, कडक गृहस्थ मोजत होते. नऊ शब्द झाले आणि दहावा शब्द बरोब्बर अनिकेतच्या छातीवर येऊन थांबला! गोरा, दाढीवाला, थंडीची टोपी घातलेला अनिकेत. सगळ्यांनी हुर्रे केलं. हॅरीने त्याला मिठीच मारली.

अनिकेत पांढराफटक. मराठीत ओरडला, "अबे यांना सांग ना! माझी मुंज झाली आहे!"

मी म्हणालो, "माफ करा, हा माझा मित्र, हा हिंदू आहे. तुमचा दहावा मी."

डेव्हिडनी माझ्याकडे वरून खालपर्यंत पाहिलं. "तू? इंडियातला?"

"बेने इस्राएल. आम्ही तेलाचे घाणे..." पुढे काय सांगू? दोन हजार वर्षं एका वाक्यात कशी बसवणार!

"तुला शेमा येते?"

मला राग यायला हवा होता. पण हॅरी प्रार्थनेचं पुस्तक उघडून माझ्याकडे बघत होता. मी उजवा हात डोळ्यांवर ठेवला, तशीच म्हणतात ती, आणि सुरू केली. पप्पांच्या चालीत. घाण्यावर बसून कुणीतरी कुणाला तरी शिकवलेली, आमची कोकणी चाल. अर्ध्यात दुसरा आवाज मिसळला, मग तिसरा. हात काढला तर डेव्हिड डोळे मिटून माझ्याबरोबर म्हणत होते. शब्द तेच! एकही इकडचा तिकडे नाही!

"डेव्हिड," हॅरी म्हणाला, "सूर्य काय तू धरून ठेवलायस का?"

डेव्हिड हसले आणि पुन्हा पहिल्यापासून मोजलं. दहावा शब्द माझ्यावर आला.

दुपारची प्रार्थना झाली आणि हॅरीने कद्दीश म्हटली. सुरुवातीला आवाज हळू होता. मग वाढत गेला. आम्ही नऊ जण मध्ये मध्ये आमेन म्हणत होतो, एवढ्या जोरात की शेजारचं कुत्रं भुंकलं. शेवटचं आमेन झालं तेव्हा धुराड्यावर अजून लाल कड बाकी होती. जिंकलो! खरंच सांगतो, तसंच वाटलं.

मग मलिदा, आणि तो वाढता वाढता मी आमच्या फुटलेल्या जहाजाची गोष्ट सांगितली. रूथने प्रेसमधून (म्हणजे कपाटातून, इथे तसंच म्हणतात) बशा काढल्या. हॅरीने पोह्यांचा घास चावत चावत खाल्ला आणि म्हणाला, "लॅड (म्हणजे पोरा), तुमचं जहाज फुटलं ते एका अर्थी बरंच झालं." डेव्हिडनी दोनदा घेतला. अनिकेतने चारदा.

परतीच्या गाडीत अनिकेत झोपला आणि मी पप्पांना फोन केला. त्यांनी मला शेमाचा भाग दोनदा सांगायला लावला. मग म्हणाले, "पोथ्या बुडाल्या तेव्हा काय वाटलं असेल रे त्यांना, की संपलं सगळं." मी बाहेर बघत होतो, कुरणांच्या जागी आता नुसता काळोख होता. नवगावला जे तोंडपाठ ठेवलं, ते कॉर्कच्या चढावर उपयोगी पडलं.

मॅलो मागे पडलं (गायी नव्हत्या) आणि रूथचा मेसेज आला. "पुढच्या वर्षी आमच्या पंचांगाप्रमाणे तारीख बदलेल. कळवते."

मी तारखेची वाट न बघता टाइप केलं, "येतोय!"