‘सराव’ हा शब्द मी काढायला लावला

हे मी घरीसुद्धा कधी बोललो नाही. रेश्माच्या बातमीवरचा ‘सराव’ हा शब्द मीच काढायला लावला होता.

संभाजीनगरातल्या एका दैनिकात मी नव्या पोरांना ट्रेनिंग देतो. पेपर कसा चालतो ते भाषणानं कळत नाही, म्हणून आम्ही गट पाडतो. एक गट रिपोर्टरचा. एक डेस्कचा, म्हणजे आलेली बातमी तपासून लावणारा. तिसरा गट पोलीस, डॉक्टर, सरपंच बनून फोनवर उत्तरं देतो. खोटी घटना मी ठरवतो. सगळं व्हॉट्सॲप ग्रुपवर चालतं. प्रत्येक मेसेजच्या डोक्यावर ‘सराव’ लिहायचं, हा नियमही माझाच.

त्या दिवशीची घटना होती, खुलताबादच्या घाटात सहलीची बस उलटली. पण पोरं हसत होती. ‘सरपंच’ झालेला तर फोनवर मतंच मागायला लागला. मी वैतागलो.

“तो शब्द काढा. घाम फुटल्याशिवाय बातमी कळत नसते.”

रिपोर्टर गटातली रेश्मा खुलताबादचीच. ती म्हणाली, “सर, राहू द्या ना. आमच्याकडं लोक वाचायच्या आधी फॉरवर्ड करतात.”

“घाबरलीस व्हय?”

सगळे हसले. तिनं शब्द काढला, खाली स्वतःचं नाव टाकलं आणि मेसेज सोडला.

बॅचमधला एक मुलगा उशिरा येत होता. त्यानं रिक्षात मेसेज वाचला आणि खरा समजून घरच्या ग्रुपवर टाकला. थोड्याच वेळात आमच्या सोयगावच्या वार्ताहराचा फोन आला.

“भाऊ, बस कोणत्या शाळेची? माझी पोरगी आज शाळेच्या सहलीला वेरूळला गेलीय. मास्तर फोन उचलंना.”

“ते खरं नाय. सराव आहे आमचा.”

“मग ही रेश्मा कोण? नाव हाय की खाली. लपवू नका भाऊ, लेकरू हाय माझं.”

मास्तरांनी फोन उचलून पोरीचा आवाज ऐकवला, तेव्हा कुठं त्याचा विश्वास बसला. तोवर मेसेज जिल्हाभर फिरला होता.

संपादकांनी मला आणि रेश्माला केबिनमध्ये बोलावलं.

“कुणी सोडला हा मेसेज?”

“‘सराव’ लिहायचा नियम आहे, साहेब. हिनं लिहिलं नाही.”

यातला एकही शब्द खोटा नव्हता. रेश्मा माझ्याकडं बघत राहिली. मी पुढं काही बोलेन, असं तिला वाटत असावं. माझं कॉन्ट्रॅक्ट वाढवायचं साहेबांच्याच हातात होतं. मी खाली बघितलं.

“उद्यापासून येऊ नकोस,” साहेब म्हणाले.

“ठीक आहे सर,” ती म्हणाली. साहेबांना नव्हे, मला.

माझं कॉन्ट्रॅक्ट वाढलं. तिला शहरातल्या कुठल्याच पेपरनं घेतलं नाही. ‘ती बसवाली का?’ एवढंच विचारत. आता ती मोबाइलच्या दुकानात बसते.

बातमी कुणी पाठवली एवढ्यावर थांबू नका, कुणाच्या सांगण्यावरून पाठवली तेही विचारा, असं मी नव्या बॅचला शिकवतो. उदाहरण मात्र दुसरंच देतो.

साहेब अजून त्याच खुर्चीत आहेत. चूक रेश्माची नव्हती, माझी होती, हे तिच्यादेखत त्यांना सांगणं माझ्याकडं बाकी आहे.