गोणपाटामागची मशिनं

बिजागऱ्या करणाऱ्या त्या माणसाला गल्लीत सगळे मामा म्हणत. भाचे नेमके किती, ते त्यालाही ठाऊक नव्हतं. नोकरी मागायला आला की जो तो भाचाच असे.

मामाचं वर्कशॉप पाहून कुणालाही दया यावी. शटर गंजलेलं, तेही अर्ध्यावर अडकलेलं. पाटीवरची अक्षरं पुसून पुसून अशी झाली होती की वाचणाऱ्याला आपल्याच डोळ्यांचा संशय यावा. आत एक म्हातारं ग्राइंडर दिवसभर खोकत बसलेलं. आणि या दारिद्र्याच्या मागे गोणपाटाचा पडदा, पडद्यामागे दोन नव्याकोऱ्या प्रेस. एकीकडून पत्रा आत गेला की दुसरीकडून बिजागरी बाहेर. तीही अशी की दार उघडलं तरी घरातल्या म्हातारीची झोप मोडू नये. ग्राइंडरवर मामा कधी काही घासत नसे. प्रेसचा दणका बाहेर ऐकू जाऊ नये, एवढ्याचसाठी ते कामावर होतं.

हे मामाचं एकट्याचं डोकं नव्हे. लहान दिसणं ही त्या अख्ख्या गल्लीची कारागिरी. पूर्वी एका कुलूपवाल्याने हौसेनं शटर रंगवलं, वर दिव्यांची पाटी लावली. आठवड्यात तिथल्या पुढाऱ्याचा, म्हणजे दादांचा माणूस हजर. "वाढलात, आनंद झाला. आता थोडा दादांनाही होऊ द्या." मग सरकारी साहेब आले, त्यांना खिडकी चुकीच्या भिंतीत दिसली. मग मेहुणे आले, मेहुण्यांचे मेहुणे आले, आणि सगळ्यांना खुर्चीवर बसूनच करायचं काम हवं होतं. आता कुलूपवाला दुसऱ्याच्या दुकानात किल्ल्या घासतो. त्याची गोष्ट गल्लीत मुलांना झोपवताना सांगतात.

"झाकली मूठ सव्वा लाखाची," मामा म्हणायचा.

"आणि झाकल्या मुठीवर कुणी काही ठेवतं का?" मामी म्हणायची. माल मोजून, पुसून खोक्यात भरायचं काम तिचं, त्यामुळे आपला नवरा काय चीज आहे हे तिला त्याच्यापेक्षा जास्त माहीत होतं.

मामाचा माल एक व्यापारी पडत्या भावात उचलायचा आणि स्वतःच्या नावाच्या खोक्यात घालून विकायचा. यातून सुटायची संधी एकदा चालून आली. कपाटं बनवणारी एक मोठी कंपनी बिजागऱ्या परदेशातून बोटीनं मागवत असे. इथंच कुणी मिळतो का, म्हणून त्यांनी नमुने पाहिले आणि मामाचा नमुना आवडला. खरेदीच्या मॅडम वर्कशॉप बघायला येणार होत्या. जमलं असतं तर वर्षभराचं काम, तिसरी प्रेस आणि खोक्यावर स्वतःचं नाव.

"आज तरी ते गोणपाट काढा," मामी म्हणाली.

"काढू गं. आधी बाई कशी आहे ते तर बघू."

बाई आली. कडक इस्त्रीचा शर्ट, काखेत फाइल. गाडी बघून समोरच्या चहाच्या टपरीवरचा दादांचा माणूसही कप हातात घेऊन शटरपाशी येऊन टेकला.

"माल छान आहे तुमचा," मॅडम म्हणाल्या. "महिन्याला किती देऊ शकाल?"

आता बघा, आजवर मामाला कुठल्याही इस्त्रीच्या शर्टानं हा प्रश्न विचारला की त्याचं उत्तर एकच. हात आपोआप जुळले, मान खाली गेली आणि जिभेनं मालकाला न विचारताच काम उरकलं.

"कसलं काय मॅडम! धंदा पार बसलाय. हे ग्राइंडरसुद्धा विकायला काढलंय."

"मग हा नमुना कुणी केला?"

"तो... बाहेरून आणला होता."

पडद्याआड मामीनं कपाळावर हात मारल्याचा आवाज ग्राइंडरलाही झाकता आला नाही. तिनं सर्रकन गोणपाट ओढलं. "यांनीच केलाय! हे बघा, यावर! अहो, बोला की नीट!"

प्रेस लखलखल्या. मॅडमनी जवळ जाऊन हात फिरवला. दादांच्या माणसानं लांबूनच फिरवला, नजरेनं.

"मशिनं तर उत्तम आहेत," मॅडम म्हणाल्या. "मग खोटं का बोललात?"

कारण शटरला टेकून चहा पीत होतं. मामानं तिकडे पाहिलं, पुन्हा मॅडमकडे पाहिलं. "सवय आहे, मॅडम."

"उद्या माल अडला आणि मी फोन केला, तर कोणतं उत्तर खरं समजायचं?"

बाई काही वाईट नव्हती. तिनं नमुना परत देताना पुन्हा एकदा त्याची तारीफ केली. मग फाइल मिटून ती गेली. बिजागऱ्या बोटीनं येत होत्या तशाच येत राहिल्या.

"दोन दोन मशिनं!" दादांचा माणूस म्हणाला. "आणि आम्ही वेडे, तुमची चूल कशी पेटते या काळजीत!"

दादांचा वाटा ठरला. साहेबांना इथलीही खिडकी चुकीची दिसली. भाचे तर उगवतच होते, एकानं पहिल्याच आठवड्यात प्रेसचा साचा फोडला आणि वर विचारलं, "मामा, आज हाफ डे का?" शेवटी एक प्रेस परगावच्या माणसाला विकावी लागली. टेम्पो वळेपर्यंत मामी रस्त्यात उभी होती. मग आत येऊन तिनं गोणपाटाची नीट घडी घातली आणि मामाच्या हातात ठेवली.

गल्लीतले लोक समजूत घालायला आले. दादांना कुणी नावं ठेवली नाहीत, साहेबांनाही नाहीत. शेजारचा चमचेवाला तेवढा म्हणाला, "पडदा काय, कुणीही ओढतं हो." दुसऱ्याच दिवशी त्यानं आपल्या नव्या मशिनापुढे चांगली पक्की भिंत घालायला घेतली. मामा विटा उचलून द्यायला गेला. त्याला आता वेळच वेळ होता.