सहा पेट्या हापूस आणि बावीस ऑर्किडं

१४ मे, गुरुवार. सकाळचे सात. मोहित्यांच्या न्हाणीघरात मी स्टुलावर बसून ऑर्किडं बुडवत होते. पहिलं लाकूड बादलीतून वर काढलं तर पाण्यावर तीन कळ्या तरंगत होत्या. पिवळ्या. दुसरं काढलं, पाच. मग मी बादली बाजूला सारली आणि उठून भिंतीकडे गेले.

काम काय असतं ते आधी सांगते. माझी ऑर्किडं कुंडीत नसतात. रानात हे झाड दुसऱ्या झाडाच्या खोडाला धरून वाढतं, त्याला माती लागत नाही. मी ते साल काढलेल्या बाभळीच्या तुकड्याला नायलॉनच्या दोऱ्याने बांधते. मुळं उघडी राहतात आणि वर्षभरात लाकूड घट्ट धरतात. ह्याला माउंट म्हणतात. मागे कडी असते, भिंतीवरच्या हूकला चित्रासारखा टांगायचा. आठवड्यातून दोनदा उतरवून वीस मिनिटं बादलीत बुडवायचा, बाकीचे दिवस फवारा. झाड अवघड नाही, ग्वाल्हेर अवघड आहे. मे महिन्यात लू, जानेवारीत धुकं. थाटीपुरला माझ्या गच्चीवर हिरवी जाळी आहे, कूलर आहे, बारीक तुषार सोडणारा फॉगर आहे. लोक विचारतात, इथे ऑर्किड जगतं कसं? मी म्हणते, तुम्ही जगता तसंच, कूलरपुढे बसून.

मोहित्यांचं घर ग्वाल्हेरच्या लष्कर भागात. मोहितेसाहेब सरकारी नोकरीतून रिटायर झालेले इंजिनियर. पाच पिढ्यांपूर्वी घरातलं कोणी तरी फौजेबरोबर दक्षिणेतून इथे आलं, म्हणून त्यांच्या पत्नीला सगळ्यांनी माईसाहेब म्हणायचं. मीही म्हणते, माझं काय जातं. मुलीचा, ऋचाचा, साखरपुडा रविवारी होता. नवऱ्याकडची मंडळी पुण्याची. दिवाणखान्याची एक भिंत जिवंत ऑर्किडांची, ही कल्पना निखिल नावाच्या इंटिरियर डिझायनरची. काम माझं. बावीस माउंट, बहुतेक डेंड्रोबियम. पाच मात्र सीतेची वेणी, जिचा तुरा खरंच वेणीसारखा खाली लोंबतो. त्या पाच मी लॅबच्या बाटलीतल्या रोपापासून सात वर्षं वाढवल्या होत्या आणि पहिल्यांदाच त्यांना तुरे आले होते. रविवारी भिंत फुललेली असेल, असा मी शब्द दिला होता.

सोमवारपर्यंत सगळ्या कळ्या टपोऱ्या होत्या. गुरुवारी निम्म्या पिवळ्या.

दहा वाजता निखिल आला. त्याने भिंतीकडे पाहिलं नाही, फोनकडे पाहिलं.

"मैडम, प्लांट में ही प्रॉब्लेम होगी."

"सोमवारी नव्हती."

"मैंने तो शुरू में ही बोला था, सिल्क के फ्लावर लगाते हैं. नो मेंटेनन्स. दिल्ली से कल दोपहर तक आ जाएँगे." मग माईसाहेबांकडे वळून, "आंटी, शाम तक डिसाइड कर लीजिए. या तो ये वॉल, या वो."

म्हणजे संध्याकाळपर्यंत मला कारण सापडलं नाही तर माझी भिंत उतरणार, तिथे कापडाची फुलं लागणार आणि पुढची दहा वर्षं लष्करभर सांगितलं जाणार की त्या थाटीपुरच्या बाईंची ऑर्किडं घरात टिकत नाहीत. आमचं गाव झाडापेक्षा बोलणं जास्त जपतं.

माईसाहेबांचं निदान तयार होतं. "दृष्ट लागली. मंगळवारी माझी नणंद येऊन गेली. चांगली अर्धा तास इथेच बसून राहिली होती."

"माई, प्लीज यार," ऋचा म्हणाली. "आत्याने क्या किया? ती तर फक्त चहा पिऊन गेली."

"तू गप बस. तुला माहीत नाही ती कशी बघून राहिली होती."

नणंद गेल्यावर माईसाहेबांनी सगळ्यात खालच्या माउंटला लिंबू-मिरची बांधली होती. माझ्याच नायलॉनच्या दोऱ्यात अडकवून. मी ती सोडवून त्यांच्या हातात दिली.

मग एकेक गोष्ट तपासली. आधी भिंग घेऊन कळ्या पाहिल्या. कीड नाही, जाळी नाही, डाग नाही. मुळांवर पाणी मारलं, लगेच हिरवी झाली, म्हणजे जिवंत. पानं कडक. एसीचा झोत भिंतीवर येत नव्हता, ते मी पहिल्याच दिवशी भांडून ठरवून घेतलं होतं. पाणी माझ्या घरून कॅनमधून येत होतं. फवारा ऋचा मारायची आणि नीट मारायची. मग झाड धडधाकट असताना कळ्याच का गळतात?

मी दहा पावलं मागे जाऊन भिंत पाहिली. वरच्या रांगेत एखाद-दुसरीच कळी पिवळी होती. मधल्या रांगेत निम्म्या. खालच्या रांगेत जवळजवळ सगळ्या. नणंदेची नजर काही खालून वर चढत नाही. जे काही होतं ते भिंतीच्या पायथ्याशी होतं.

भिंतीच्या पायथ्याशी दिवाण होता. सात फुटी, आत सामान ठेवायची जागा असलेला. मी गादी उचलायला लागले.

"अहो, ते नका उघडू," माईसाहेब म्हणाल्या. "आत आंबे आहेत."

आत हापूसच्या सहा पेट्या होत्या. पेंढ्यात आंबे रचलेल्या, वर ओली चादर. प्रत्येक पेटीत व्यापाऱ्याने टाकलेली फळ पिकवायची कागदी पुडी, आणि आंबे वेळेत तयार व्हावेत म्हणून माईसाहेबांनी बाजारातून आणून टाकलेल्या आणखी दोन-दोन.

"कधी ठेवले?"

"सोमवारी रात्री आले. बाहेर चव्वेचाळीस आहे, सगळ्या घरात हीच एक खोली थंड. बाहेर ठेवले तर उकडून जातील ना."

आता साध्या भाषेत सांगते. फळ पिकताना त्यातून इथिलीन नावाचा वायू सुटतो. पुडीतूनही तोच सुटतो. आंब्याला तो सांगतो, पिक. ऑर्किडच्या कळीला तोच सांगतो, संपलं तुझं, गळ. खोली बंद, एसी चालू, सहा पेट्या, अठरा पुड्या. नणंद बिचारी निर्दोष होती.

ह्यात माझी अक्कलही मोजायला हवी. मी बावीस वर्षं टिश्यू कल्चरच्या लॅबमध्ये काढली. तिथे डब्यात केळं आणणाऱ्या माणसाला मी दाराबाहेर उभं करायची. आणि मंगळवारी ह्याच दिवाणावर बसून, ह्याच खोलीतला हापूसचा वास घेत, मी वाटीभर आमरस खाऊन गेले होते. मे महिन्यात मराठी घरात आंब्याचा वास आला नसता तर कदाचित मी चौकशी केली असती.

"पेट्या मागच्या खोलीत हलवा," मी म्हणाले. "तिथे कूलर लावा, इथल्या खिडक्या तासभर उघडा. गळलेल्या कळ्या परत येणार नाहीत, पण वरची रांग वाचेल. खालच्या रांगेसाठी माझ्याकडे गच्चीवर कळ्यांवर आलेले आठ माउंट आहेत, ते आणते. रविवारी भिंत उभी राहील."

माईसाहेब दिवाणाच्या काठावर बसल्या. "मागच्या खोलीत चार दिवसांत आंबा काळा पडेल. कूलरची हवा दमट असते."

"पडेल थोडा."

"हे आंबे पुण्याच्या लोकांना द्यायचे आहेत."

मला वाटलं, मी नीट ऐकलं नाही. "पुण्याच्या लोकांना? हापूस?"

"हो, मग? त्यांना वाटता कामा नये की ग्वाल्हेरला राहून आम्ही भय्ये झालो. खास रत्नागिरीहून मागवले आहेत."

रत्नागिरीचा आंबा पुण्यावरून ग्वाल्हेरला आला, आता पुणेकरांच्या हातून पुन्हा पुण्याला जाणार. एवढा फिरलेला आंबा पुण्यात कोणी खाल्ला नसेल.

"माईसाहेब," मी म्हणाले, "एकाच खोलीत दोन्ही राहणार नाहीत. आंबे ठेवा नाही तर फुलं."

त्यांनी पेट्यांकडे पाहिलं, मग भिंतीकडे पाहिलं. चिडल्या नाहीत, हे मान्य करायला हवं. सगळं समजून घेतलं आणि मग म्हणाल्या, "ताई, फुलं काय, कापडाचीही चालतात. फोटोत कळत नाही. हापूस कापडाचा नाही चालत."

निखिलने लगेच फोन कानाला लावला. त्या बाईने मी सांगितलेली प्रत्येक गोष्ट बरोबर ऐकली होती, आणि निकाल दिला होता.

साखरपुड्याचं पुढे ऋचाकडून फोनवर कळलं. कापडाच्या फुलांचं फार कौतुक झालं, एका काकूंनी तर त्यांचा वासही घेऊन पाहिला. आंब्याच्या पेट्या व्याह्यांनी नेल्या नाहीत. व्याही हात जोडून म्हणाले, "अहो, आमच्या बंगल्यात हापूसची चार झाडं आहेत, आम्हीच शेजाऱ्यांना वाटून थकलो." जाताना त्यांनी इथली तिळाची गजक मात्र मागून नेली.

तेव्हापासून मी नव्या घरात उजेड, पाणी, एसी ह्याआधी विचारते की फळं कुठे ठेवता. आणि घरात लवकरच कोणाला खूश करायचं आहे का, हेही विचारते. झाड मारणारी वस्तू बहुधा त्याच माणसासाठी आणलेली असते.

पण हे नंतरचं. शुक्रवारी सकाळी सहाला मी व्हॅन घेऊन मोहित्यांकडे गेले. माईसाहेब पूजेत होत्या. मोहितेसाहेबांनी शिडी धरली. एरवी ते त्या घरात फारसं बोलत नाहीत. चौदावा माउंट उतरवताना हळूच म्हणाले, "एक ठेवा ना. माझ्या खोलीत लावतो."

"तुमच्या खोलीत काय ठेवलंय?"

ते जरा ओशाळले. "दोन पेट्या. त्या माझ्या."

मी तो माउंटही उतरवला. बावीसच्या बावीस ओल्या गोणपाटात गुंडाळून व्हॅनमध्ये ठेवले. मग पेचकस घेऊन परत आत गेले आणि भिंतीतले बावीस हूकही काढले, कारण ते माझे होते. निखिलची फुलं दुपारी यायची होती. ती कशाला टांगायची हा डिझाइनचा प्रश्न होता, आणि डिझाइन त्याचं होतं.