माझ्या साडूंनी समुद्र बंद केला

माणसाला धक्का बसण्याला काही मर्यादा असते, आणि माझी ती मर्यादा माझ्या साडूंनी केव्हाच ओलांडली आहे. नगरला माझं चष्म्याचं दुकान आहे. दिवसभर तऱ्हेतऱ्हेची माणसं समोर बसून भिंतीवरची अक्षरं वाचतात, पण असा दुसरा नमुना माझ्या दुकानाची पायरी चढलेला नाही. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान संगमनेरच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतात, आणि समुद्रावर त्यांचा इतका जीव आहे की बोलायला लागले की वाटावं, हे होडीतच जन्मले असतील. लाटा, भरती-ओहोटी, प्रवाळ, पाण्याखालचे डोंगर, सगळं तोंडपाठ. यात धक्का कसला, असं तुम्ही म्हणाल. तर या माणसाने वयाची पन्नाशी उलटेपर्यंत समुद्र डोळ्यांनी पाहिलेलाच नव्हता.

कारण घाट. आमच्या देशावरून समुद्राकडे जायचं तर कुठला ना कुठला घाट उतरावाच लागतो, आणि घाटाचं पहिलं वळण आलं की साडूंच्या पोटातलं सगळं वर येतं. लग्नानंतर ते मेहुणीला घेऊन अलिबागला निघाले होते, ते खंडाळ्यापर्यंत कसेबसे पोचले आणि तिथून परत फिरले. मेहुणी ती हकीकत अजून सांगते, आणि सांगताना अजून तितकीच चिडते. साडूंनी मात्र त्यावर तोडगा काढला होता. आपल्याला जाता येत नाही ना, मग विद्यार्थी पाठवायचे. समुद्रविज्ञानाच्या संस्था उन्हाळ्याच्या सुट्टीत बी.एस्सी.च्या मुलामुलींना फेलोशिप देऊन बोलावतात, राहायची सोय करतात आणि शास्त्रज्ञांच्या हाताखाली खरोखरचं संशोधन करायला लावतात. ही बातमी साडूंना कुठून लागली कोण जाणे, पण तेव्हापासून तालुक्यातल्या बी.एस्सी.च्या एकाही पोराला त्यांनी सुखाने सुट्टी घालवू दिलेली नाही. पाहुण्यांकडे जेवायला गेले की ताटावर बसल्या बसल्या यजमानांच्या मुलाला विचारायचे, "सुट्टीत काय करतोस? क्रिकेट? छे! अर्ज भर."

पण खरा कहर झाला तो माझ्या चुलतसासऱ्यांच्या दहाव्याला. आमच्याकडे दशक्रियेला नदीकाठी प्रवचन होतं आणि मग मान्यवर मंडळी एकामागून एक उठून श्रद्धांजलीची भाषणं करतात. प्रवरेच्या काठावर मंडप होता, माणसं दाटीने बसली होती. दूध संघाचे संचालक बोलले, माजी सरपंच बोलले, आणि मग आमचे साडू उठले. सुरुवात झकास झाली. "अण्णांना पाण्याची फार ओढ होती," ते म्हणाले. अण्णांनी उभा जन्म विहिरी खोदण्यात घालवलेला, त्यामुळे बायकांनी डोळ्यांना पदर लावले. साडू पुढे म्हणाले, "पण पाणी म्हणजे नुसती विहीर नव्हे. ही समोरची प्रवरा गोदावरीला मिळते, गोदावरी समुद्राला मिळते, आणि त्या समुद्रावर राहून शिकायची संधी आज बी.एस्सी.च्या मुलांना आहे. अर्जाची मुदत महिनाअखेर संपते. ज्यांना भरायचा असेल त्यांनी पिंडाला कावळा शिवला की मला त्या वडाखाली भेटावं." मी जागच्या जागी गार पडलो. माझ्या बायकोने पदराने तोंड झाकून घेतलं, ते दुःखाने नव्हे. आणि त्याहून मोठा धक्का म्हणजे कावळा शिवल्यावर वडाखाली खरंच दोन-तीन पोरं उभी होती.

त्यांची दुसरी खोड पाण्याचीच, पण गोड्या पाण्याची. साडू मूळचे पाथर्डीकडचे. लहानपण टँकरमागे हंडे घेऊन पळण्यात गेलेलं. त्यामुळे वाहता नळ त्यांना बघवत नाही. बघवत नाही म्हणजे अगदी नाहीच. हॉटेलात, बसस्टँडवर, परक्याच्या घरात, शिर्डीच्या भक्तनिवासात, कुठेही नळ गळत असला की बोलता बोलता त्यांचा हात जातो आणि तोटी आवळली जाते. बोलणं थांबत नाही, आपण काही केलं हेही त्यांच्या लक्षात येत नाही. माझ्या मेहुण्याच्या लग्नात मंगल कार्यालयाच्या मागे पाइप ठिबकत होता. साडूंनी जाता जाता मोठा कॉकच फिरवला, आणि आत हळदीने पिवळा झालेला नवरदेव अंगाला साबण लावून मुहूर्त टळेपर्यंत ओरडत बसला. "कॉक कुणी बंद केला?" म्हणून आरडाओरडा करण्यात साडू सगळ्यात पुढे होते. ढोंग नव्हतं हो त्यात. त्यांना खरोखरच आठवत नव्हतं.

तर या माणसाच्या आयुष्यात वैष्णवी आली. पठार भागातल्या शेतकऱ्याची पोरगी, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. अबोल, पण डोळ्यांतून काही न सुटणारी. साडूंनी तिच्याकडून अर्ज भरून घेतला आणि तिची निवड झाली, तीही कोकण किनाऱ्यावरच्या मोठ्या संस्थेत. साडू पेढे घेऊन तिच्या गावी गेले, तर तिचे वडील पेढा हातात धरून नुसतेच बसले. "सर, पोरगी हुशार हाय, न्हाई म्हनत न्हाई. पन ती समिंद्रावर गेल्यावर धार कोन काढनार? हिच्या आईचे हात संधिवातानं धरल्यात, मला दूध घेऊन डेअरीला पळावं लागतं." यावर साडू म्हणाले, "मी काढतो." ही गोष्ट मेहुणीने मला फोनवर सांगितली तेव्हा मी गिऱ्हाइकाच्या नाकावर चष्मा उलटा ठेवला. प्राणिशास्त्र शिकवणं वेगळं आणि गाईच्या कासेला हात लावणं वेगळं. वैष्णवीच्या वडिलांनाही हसू आवरेना. "तुमी? गाई हसत्याल, सर!" पण साडू हटले नाहीत. पोरगी समुद्राकडे गेली आणि हे गृहस्थ रोज पहाटे स्कूटरवरून पठारावर जाऊ लागले. पहिल्याच दिवशी गाईने त्यांचा चष्मा फोडला. तो दुरुस्तीला माझ्याकडेच आला. पुढे गाय मऊ झाली, दूध येऊ लागलं, आणि संगमनेरात ज्यांना कळलं ते सगळे आ वासून राहिले.

फेलोशिपची मुदत संपत आली तेव्हा वैष्णवीने कळवलं की शेवटच्या दिवशी सगळ्या मुलांनी आपापलं काम शास्त्रज्ञांपुढे मांडायचं असतं, घरच्यांना यायला हरकत नाही. आणि ज्याचं काम सरस ठरेल त्याला हिवाळ्यात संशोधनाच्या जहाजावर नेणार होते. तिच्या मार्गदर्शक बाईंनी सगळ्यांसमोर सांगितलं होतं म्हणे, की ते जहाज वैष्णवीचंच. साडूंनी ठरवलं, जायचं. घाट उतरून जायचं. गाई एका भावकीतल्या माणसाच्या स्वाधीन करून वैष्णवीचे वडील आणि साडू माझ्या गाडीत बसले. माळशेजला साडूंचं जे व्हायचं तेच झालं. गाडी थांबवून थांबवून मी मेटाकुटीला आलो. मुठीत लिंबू, तोंडात आवळासुपारी, डोळे मिटलेले, आणि मधूनच विचारणं, "संपला का घाट?" वैष्णवीचे वडील त्यांची पाठ चोळत म्हणत होते, "उतरला म्हनायचा आता, सर. जरा दम धरा."

पोचलो ते मांडणीच्या आदल्या दिवशी सकाळी. समुद्र अगदी पलीकडे, नारळांच्या मागे गाजत होता, पण साडू म्हणाले, "आधी काम, मग समुद्र." वैष्णवीने आम्हाला एका लांबलचक खोलीत नेलं. उथळ पेट्यांच्या ओळी होत्या आणि प्रत्येक पेटीत नळाने समुद्राचं पाणी सारखं पडत होतं, सारखं वाहून जात होतं. तिच्या ओळीत कोळंबीची पिल्लं होती, केसाएवढी. पाणी थोडं थोडं कोमट होत गेलं तर ती वाढतात कशी, हे तिने रोज मोजलं होतं. शेवटचं मोजमाप त्याच संध्याकाळी व्हायचं होतं. एवढं पाणी फुकट जाताना बघून तिच्या वडिलांचा चेहरा पडला. तेव्हा साडूंनीच त्यांना समजावलं, "अहो, हे वाहतं पाणी म्हणजे पिल्लांचा श्वास. थांबलं की गुदमरलीच." इतकं छान समजावलं की मार्गदर्शक बाईही कौतुकाने बघत राहिल्या. मग आम्ही जेवायला निघालो. साडू नेहमीप्रमाणे बोलत बोलत सगळ्यांच्या मागून आले.

जेवण झालं आणि वैष्णवीने आम्हाला किनाऱ्यावर नेलं. साडूंनी समुद्र पाहिला तो क्षण मी विसरणार नाही. मला वाटलं होतं, आता व्याख्यान होणार. तर हा माणूस चपला हातात घेऊन गप्प उभा राहिला. पाणी पायांवरून येत होतं, जात होतं. बऱ्याच वेळाने म्हणाले, "फार मोठा आहे हो." बस, एवढंच. दुपार कलेपर्यंत ते हलायला तयार नव्हते, आणि आम्हालाही त्यांना हलवावंसं वाटलं नाही. वैष्णवी त्यांच्या शेजारी उभी राहून त्यांना काय काय दाखवत होती, आणि जन्मात पहिल्यांदाच साडू विद्यार्थ्यासारखं नुसतं ऐकत होते.

परत आलो तेव्हा तिच्या ओळीतून पाण्याचा आवाज येत नव्हता. ती धावली. पेट्यांतलं पाणी थिजल्यासारखं उभं होतं आणि तळाशी पिल्लं पांढरी होऊन पडली होती. सगळी. मार्गदर्शक बाई आल्या, त्यांनी भिंतीवरचा त्या ओळीचा कॉक बघितला आणि म्हणाल्या, "हा कुणी बंद केला?" वैष्णवीचे वडील पुढे झाले. "म्या केला, बाई. पानी वाया चाललेलं बघवलं न्हाई." मी त्यांच्याकडे बघतच राहिलो, कारण जेवायला जाताना ते सबंध वेळ माझ्यासोबत होते. साडूंनी आपला उजवा हात वर करून बघितला, दुसऱ्याच कुणाचा असावा तसा. म्हणाले, "नाही, बाई. यांनी नाही केला. मी केला. कधी केला ते मला ठाऊक नाही, पण दाराजवळून मीच शेवटी आलो." त्याच सकाळी वाहत्या पाण्याचं महत्त्व सांगणारा माणूस. पण हाताला कुठे प्राणिशास्त्र येतं?

दुसऱ्या दिवशी मांडणीला ते आत आलेच नाहीत. बाहेर पायरीवर बसून राहिले. मी त्यांच्याजवळ थांबलो आणि वैष्णवीचे वडील आत गेले. सगळं इंग्रजीत, त्यांना काय कळणार, असं मला वाटत होतं. ते बाहेर आले आणि साडूंच्या शेजारी टेकले. "पोरगी भ्याली न्हाई, सर. एका जागी थांबली, पडद्यावरच्या आकड्यांकडं बोट केलं न् पुढं बोलली. त्या बाईंनी मला मागनं मराठीत सांगितलं. पोरगी म्हनली, शेवटचं माप न्हाई, कारन पिल्लं मेली. कशानं मेली त्ये बी सांगितलं. म्हनली, आमच्याकडं पानी वाहतं राहिलेलं कुनाला सोसत न्हाई. तुमचं नाव न्हाई घेतलं." साडू तिथेच, उघड्यावर, सगळ्यांच्या देखत रडले. मी या माणसाला इतकी वर्षं ओळखतो, पण असं रडताना कधी पाहिलं नव्हतं. जहाज दुसऱ्या एका मुलाला मिळालं.

परत येताना घाट चढलो तरी त्यांना काही झालं नाही. त्याचाच मला जास्त घोर लागला. घरी आल्यावर समुद्राचं नावही त्यांच्या तोंडी येईनासं झालं. वर्गात मासे शिकवायचे ते नदीचे. हिवाळ्यात फेलोशिपच्या जाहिराती आल्या, तर मेहुणीच म्हणाली, "अहो, कुणाला सांगणार नाही का?" तर म्हणे, "माझ्या नावाने कुणाचं भलं होत नाही." वैष्णवी आता तिसऱ्या वर्षाला होती, तिला आणखी एकदा अर्ज करता येत होता. शिफारस मागायला आली तर हे म्हणाले, "दुसऱ्या सरांकडे जा, बाळ. माझी सही बघून तुला दारातूनच परत पाठवतील." ती पोरगी जागची हलली नाही. "सर, तुमचीच पाहिजे," म्हणाली, आणि सही होईपर्यंत कॉलेजच्या व्हरांड्यात उभी राहिली. त्याच बाईंनी तिला परत बोलावलं. पुन्हा तीच कोळंबी, पुन्हा पहिल्यापासून. या वेळी घरून कुणीच गेलं नाही.

तिच्या शेवटच्या मोजमापाच्या दिवशी साडू आणि मेहुणी आमच्याकडे नगरला आले होते. आमरसाचं जेवण होतं, पण साडूंच्या वाटीला हात लागला नव्हता. फोन वाजला. नाव बघून त्यांनी तो माझ्या हातात कोंबला आणि तोंड फिरवून बसले. "तुम्ही विचारा," म्हणाले. मी विचारलं, "काय गं, पिल्लं कशी आहेत?" पलीकडून तिचा आवाज आला, "आहेत, काका. सगळी जिवंत आहेत." मी ते मोठ्याने सांगितलं. मेहुणीने वाढता वाढता डोळे पुसले. साडू मात्र तसेच भिंतीकडे बघत बसले, आणि मग हात पुढे करून त्यांनी फोन घेतला. मला वाटलं, आता अभिनंदन करतील, शाबासकी देतील. त्यांनी अगदी हळू आवाजात, परवानगी मागावी तसं विचारलं, "वैष्णवी, मी बघायला येऊ का गं?"

ती म्हणाली, "या ना, सर. मी तुमचा हात धरून ठेवीन."